कणीक, हात आणि कान : पखवाजाच्या धुम्याच्या नादाची चिकित्सा

प्रस्तावना

वाद्यसंगीताच्या मराठी समीक्षेत खर्जाच्या अंगाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. गायकाचा आवाज, सतारीची मींड, सनईचा सूर, तबल्याच्या उजव्या अंगाची सफाई यांविषयी रसिकांनी आणि जाणकारांनी विपुल लिहिले. मात्र मैफलीला, भजनाला वा दिंडीला खालून आधार देणारा जो नाद असतो, तो घडतो कसा, एका वादकाचा खर्ज दुसऱ्यापेक्षा वेगळा का वाटतो आणि तो चांगला की वाईट हे कशावरून ठरवावे, या प्रश्नांची पद्धतशीर चर्चा अल्प प्रमाणातच आढळते. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात बास गिटार वाजवणाऱ्याच्या 'टोन'विषयी गेली अनेक दशके हिरिरीने वाद होत आला आहे. मराठी मुलखात त्या वादाचे खरे क्षेत्र बास गिटार नसून पखवाजाचे डावे अंग, म्हणजे धुमा, हे होय.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याच्या परिसरात या विषयाला विशेष अर्थ आहे. परंपरा ज्याला संत नामदेवांचे जन्मस्थान मानते ते कयाधूकाठचे नर्सी याच जिल्ह्यात आहे. शेगावहून पंढरपूरला जाणारी संत गजानन महाराजांची पालखी रिसोड, सेनगाव, औंढा नागनाथ, परभणी या मार्गाने पुढे जाते. अशा भागात पखवाज हे केवळ मैफलीचे वाद्य राहत नाही. गावाच्या सामूहिक श्रवणाचा पाया त्याच्या खर्जावर उभा असतो. प्रस्तुत लेखात धुम्याचा नाद कोणकोणत्या घटकांनी घडतो याची चिकित्सा केली असून, हा नाद वाद्यात 'असत' नाही, तर प्रत्येक बैठकीत वादक तो नव्याने ठरवतो, हे सूत्र मांडले आहे. हा निर्णय वादकाच्या हातून निसटत चालला असताना समीक्षेकडे त्याविषयी बोलण्याची परिभाषा नसणे ही गंभीर उणीव आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. डाव्या अंगाची रचना

पखवाजाचे खोड एकाच लाकडाचे, आतून पोकळ केलेले असते. त्यासाठी शिसव, खैर यांसारखी जड व घट्ट धाग्याची लाकडे पसंत केली जातात. दोन्ही मुखांवर बकऱ्याच्या कातड्याच्या पुड्या चढवून त्या चामड्याच्या वादीने एकमेकींशी ताणून बांधतात. वादीखाली सरकवलेल्या लाकडी गठ्ठ्यांनी आणि गजऱ्यावर हातोडीचे ठोके देऊन ताण कमीजास्त करतात. उजव्या मुखावर शाईचा कायमचा लेप असतो. लोहचूर्ण व भाताची खळ यांचा हा लेप थरावर थर चढवून दगडाने घोटलेला असतो. डावे मुख उजव्यापेक्षा मोठे असून त्यावर शाई नसते. वादनापूर्वी गव्हाची मळलेली कणीक पाण्याच्या हाताने तेथे थापतात आणि वादन संपल्यावर खरवडून काढतात.

रचनेतील हा भेद वरवर किरकोळ वाटतो. परंतु वाद्याच्या दोन अंगांमागे दोन भिन्न विचार आहेत, हे त्यातून दिसून येते. उजव्या अंगाचा नाद मुख्यतः कारागीर घडवतो. शाई किती थरांची, किती जाड, किती व्यासाची हे तो ठरवतो आणि वादकाला ते स्वीकारावे लागते. डाव्या अंगाचा नाद कारागीर अर्धवट सोडून देतो. तो पुरा करण्याचे काम वादकाचे असते आणि ते दर बैठकीला नव्याने करावे लागते.

कणकेचे कार्य भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तीन प्रकारचे आहे. पहिले कार्य वजनाचे. ताणलेल्या पडद्याचे वस्तुमान वाढले की त्याची कंपनसंख्या घटते. ताण तोच ठेवून पडद्याचे वस्तुमान सर्वत्र चौपट केले, तर कंपनसंख्या निम्मी होते, म्हणजे नाद एक सप्तक खाली उतरतो. डावे अंग उजव्याच्या षड्जापेक्षा एक सप्तक खाली मिळवण्याची जी रीत आहे, ती पुडीचा ताण, मुखाचा व्यास आणि कणीक या तिघांच्या मेळाने साधते. दुसरे कार्य स्थानाचे. कणीक मध्यभागी असल्याने ज्या कंपनांत पडद्याचा मध्य सर्वाधिक हलतो, त्या मूलभूत कंपनावर तिचा भार अधिक पडतो. ज्या कंपनांत मध्य स्थिर राहतो, त्यांच्यावर तो कमी पडतो. तिसरे कार्य शोषणाचे. ओली कणीक लवचीक आणि चिकट असल्याने वरच्या, तीक्ष्ण उपस्वरांची ऊर्जा ती जिरवते. धुम्याच्या नादाला जो गोल, मऊ घुमारा येतो तो या तिसऱ्या गुणामुळे. ती वाळू लागली की वजन घटते, लवचीकता जाते, कडा सुटतात आणि नाद चढा व कोरडा होतो. म्हणून दीर्घ भजनात वादक मधूनच पाण्याचे बोट कणकेवर फिरवतो. ते केवळ सवयीने घडत नाही. चालू वादनात केलेले ते नादसंस्करण होय.

येथे एक स्थानिक निरीक्षण नोंदवणे योग्य ठरेल. मराठवाड्याचे परंपरागत अन्न ज्वारी, परंतु धुम्याला ज्वारीचे पीठ चालत नाही. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन हे प्रथिन असल्याने ती ताणली जाते, पुडीला धरून राहते आणि थापेखाली तुटत नाही. ज्वारीच्या पिठात ते नसल्याने त्याचा गोळा तडकतो. रोजच्या ताटातील धान्य ज्वारी असो वा बाजरी, पखवाजापुरता गहू लागतोच.

२. शास्त्रग्रंथांतील माती आणि पीठ

मुखावर लेप देऊन नाद घडवण्याची कल्पना प्राचीन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अवनद्ध वाद्यांच्या विवेचनात पुष्कर वाद्यांवर मातीचा लेप देण्याचे विधान असून, मायूरी, अर्धमायूरी आणि कार्मारवी अशा तीन मार्जना, म्हणजे स्वर मिळवण्याच्या तीन रीती, सांगितल्या आहेत. माती कशी असावी याचे वर्णन तेथे नेमके आहे. ती नदीकाठची, काळसर, मृदू असावी. खडे, वाळू, गवत वा क्षार असलेली माती वर्ज्य सांगितली आहे. अशी माती न मिळाल्यास गहू वा जवाचे पीठ वापरावे, असा पर्याय दिला आहे. मात्र पिठाचा नाद एकसुरी होतो, हा त्याचा दोषही तेथेच नोंदवला आहे.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर रचला. म्हणजे मराठवाड्याच्या भूमीत सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या वाद्याध्यायातही मुखलेपाचा विचार आहे. शिजवलेल्या भातात राख मिसळून केलेल्या लेपाला तेथे 'बोहण' अशी संज्ञा आहे. माती, भात व राख, पीठ असा हा लेपाचा प्रवास पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. द्रव्य बदलत गेले, पण खर्जाच्या अंगावरील लेप वादनासमयी द्यावयाचा ही कल्पना टिकून राहिली.

भरताने पिठाला दिलेला एकसुरीपणाचा दोष आजच्या समीक्षकाने तपासून पाहण्यासारखा आहे. पीठ हा तेथे मातीचा दुय्यम पर्याय आहे. पखवाजाच्या परंपरेने मात्र तोच पर्याय प्रधान मानला. पिठाचा नाद खरोखर एकसुरी असता तर हे घडले नसते. याचा उलगडा वापराच्या पद्धतीत सापडतो. पुष्कर वाद्यांत अनेक मुखे वेगवेगळ्या स्वरांत मिळवली जात. तेथे प्रत्येक मुखाकडून स्वरभेदाची अपेक्षा होती. पखवाजात स्वरभेदाचे काम दोन मुखांत वाटले गेले आणि डाव्या मुखाकडून अपेक्षा उरली ती स्थिर, खोल, एका जागी राहणाऱ्या नादाची. ज्या गुणाला एका वाद्यव्यवस्थेत दोष म्हटले गेले, तोच दुसऱ्या व्यवस्थेत आधार ठरला. नादगुणाचे मूल्यमापन निरपेक्ष असू शकत नाही, ते वाद्याच्या कार्याशी बांधलेले असते, हा यातून निघणारा समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष होय.

३. प्रयोगशाळेने काय सांगितले आणि काय नाही

भारतीय अवनद्ध वाद्यांच्या नादाचा आधुनिक वैज्ञानिक अभ्यास सी. व्ही. रामन यांच्यापासून सुरू होतो. १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आणि पुढे १९३४ मध्ये विस्तृत निबंधात त्यांनी दाखवून दिले की, साध्या गोल पडद्याचे उपस्वर मूळ स्वराशी पूर्णांकी नात्यात नसतात. मूळ कंपन १ धरले तर पुढची कंपने सुमारे १.५९, २.१४, २.३० अशी विस्कळीत पडतात. म्हणूनच साध्या नगाऱ्यातून निश्चित स्वर ऐकू येत नाही. शाईच्या भाराने ही कंपने १, २, ३, ४, ५ अशा क्रमाजवळ आणली जातात आणि वाद्य सुरात बोलू लागते. १९५४ मध्ये बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी या संयुक्त पडद्याचे गणित मांडले. १९५७ मध्ये रामकृष्ण यांनी डग्ग्याचा, म्हणजे मध्यापासून बाजूला सरकवलेल्या शाईचा, स्वतंत्र विचार केला.

या संशोधनाचे मोल वादातीत आहे. भारतीय कारागिराने अनुभवाने साधलेली गोष्ट विज्ञानाच्या भाषेत सिद्ध झाली, हे त्याचे श्रेय. परंतु त्याच्या रोखाकडेही पाहिले पाहिजे. विचारलेला प्रश्न 'हे वाद्य सुरात का बोलते' हा होता. 'या वादकाचा नाद त्या वादकापेक्षा वेगळा का' हा प्रश्न तेथे नव्हता. प्रयोगशाळेत पडद्याचा भार निश्चित धरला जातो. धुम्यावर तो निश्चित नसतो. कणीक किती घट्ट मळली, गोळा किती मोठा घेतला, तो उंच ठेवला की पसरट थापला, कडेपासून किती अंतर सोडले यांतील प्रत्येक बाब नाद पालटवते. दोन वादकांनी एकाच पखवाजावर आपापली कणीक लावली तर दोन वेगळे खर्ज ऐकू येतात. प्रयोगशाळेत जो घटक स्थिर मानावा लागतो तोच येथे वादकाच्या अभिव्यक्तीचे साधन असतो.

४. थाप : हाताचा वाटा

बास गिटारच्या जगात 'नाद बोटांत असतो' अशी एक लोकप्रिय धारणा आहे. तिच्या समर्थनार्थ डेट्रॉईटच्या मोटाउन कंपनीचा वादक जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) याचे उदाहरण वारंवार दिले जाते. तो मूळचा उभ्या बासचा वादक. १९६२ च्या बनावटीच्या फेंडर प्रिसिजन बासवर तो प्रामुख्याने उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवीत असे. मात्र बारकाईने पाहता तोही केवळ बोटांचा चमत्कार नव्हता. त्याच्या वाद्यावर सपाट गुंडाळणीच्या जाड तारा होत्या, घोडीजवळच्या झाकणाखाली नाद दाबणारा फोमचा तुकडा होता आणि ध्वनिमुद्रण वाद्यातून थेट यंत्रात होत असे. जुन्या तारा व फोम यांनी वरचे उपस्वर जिरवण्याचे जे काम केले, तेच धुम्यावर कणीक करते. दोन संस्कृतींतील दोन अगदी भिन्न वाद्यांत खर्जाला गोलाई आणण्याची युक्ती तत्त्वतः एकच असावी, ही बाब उद्बोधक आहे. म्हणून 'नाद हातात असतो' हे विधान अर्धसत्य मानावे लागते. हात आधी सामग्रीची निवड करतो आणि मग त्या सामग्रीवर चालतो.

धुम्यावरील हाताचे काम प्रामुख्याने दोन आघातांत विभागता येते. 'ग' वा 'घे' या खुल्या आघातात पंजा पडताच उसळून वर येतो आणि पुडी मोकळी राहते. 'क' वा 'कत्' या बंद आघातात पंजा पुडीवर टेकून राहतो आणि नाद तेथेच थांबतो. 'धा' मध्ये उजव्याचा 'ता' आणि डाव्याचा 'घे' एकत्र येतात. कागदावर सर्व 'धा' सारखे दिसतात. प्रत्यक्षात पंजा किती सैल, तो पुडीशी किती क्षण राहिला, मध्याजवळ पडला की कडेला, यांवर प्रत्येक 'धा' वेगळा ठरतो. मऊ व पसरट पंजाचा स्पर्श किंचित दीर्घ असतो आणि त्यामुळे वरचे उपस्वर कमी उठतात. ताठ बोटांचा आघात क्षणिक असतो आणि नादाच्या आरंभी टणत्कार उमटतो. कडेचा आघात वरची कंपने जागवतो, तर मध्याकडचा आघात मूळ नादाला बळ देतो.

तबल्याच्या डग्ग्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. डग्ग्यावर मनगटाची टाच पुडीवर टेकलेली असते. ती सरकवून व दाबून वादक आघातानंतरही नाद चढवतो, त्याला मींडेसारखे वळण देतो. धुम्यावर खुल्या थापेत मनगट प्रायः टेकत नाही. नाद एकदा सुटला की सुटला. डग्ग्याचा वादक नाद सुटल्यानंतर त्याला आकार देऊ शकतो. धुम्याच्या वादकाला तो आकार थापेपूर्वी, कणकेच्या आणि पंजाच्या सिद्धतेत द्यावा लागतो. धुम्याच्या नादात जे गांभीर्य जाणवते त्याचे मूळ या पूर्वनिश्चयात शोधता येते. पंजाबातील जुन्या 'धामा' या लाकडी डाव्या वाद्यावरही कणीकच लावली जात असे. त्यावरून तबला आणि पखवाज या दोन परंपरांमधील सीमारेषा वाटते तितकी पक्की नाही, हेही लक्षात घ्यावे.

५. स्थळ, ऋतू आणि समूह

नादाची घडण वाद्य आणि हात यांवरच संपत नाही. दगडी मंडपात भिंती व छत नाद परतवतात, खर्जाची आस लांबते आणि एका थापेचा घुमारा पुढच्या थापेत मिसळतो. अशा जागी कणीक थोडी अधिक आणि आघात नेमके, विरळ असणे हितावह ठरते. दिंडीत याच्या अगदी उलट स्थिती असते. पखवाज गळ्यात अडकवलेला, वादक चालता, वर मोकळे आकाश. परतणारा नाद नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. तेथे लांब आस निरुपयोगी असून आरंभाचा ठोस आघात महत्त्वाचा ठरतो.

आषाढीची वारी पावसाळ्यात येते. हवेतील ओलाव्याने कातडे सैल पडते, दोन्ही अंगांचा स्वर उतरतो. उजवे अंग हातोडीने चढवता येते. डाव्याबाबत वादक बहुधा कणीकच कमी करतो. ओलाव्याने उतरलेला नाद हलक्या गोळ्याने सावरला जातो. म्हणजे कणीक हे ऋतूनुसार नाद जुळवण्याचेही साधन आहे. कायमच्या लेपाला ही सोय नाही.

समूहाचा विचार तर अधिकच आवश्यक आहे. दिंडीत टाळांची संख्या मोठी असते आणि त्यांचा नाद उच्च कंपनसंख्येचा असतो. श्रवणशास्त्राचा नियम असा की, खालचे नाद वरच्या नादांना सहज झाकतात, वरचे नाद खालच्यांना तितके झाकू शकत नाहीत. परिणामी टाळांच्या गजरात पखवाजाच्या उजव्या अंगाचे बारकावे बुडून जातात, पण धुम्याचा खर्ज खालून वाट काढतो. वारकऱ्याचे पाऊल त्याच्यावर पडते. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत चाल सांभाळण्याचे काम व्यवहारतः डाव्या अंगाकडे असते. शास्त्रीय समीक्षेने उजव्या अंगाला प्रधान मानले. परंतु समूहाच्या दृष्टीने पाहता हा क्रम उलटा करावा लागतो.

६. कर्णा, मोठे ध्वनिवर्धक आणि बदललेले कान

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावच्या सप्ताहांत कर्ण्याचा ध्वनिवर्धक आला. कर्ण्याची रचना मानवी बोलणे दूर पोहोचवण्यासाठी असते. सुमारे ३०० हर्ट्झच्या खालचे नाद तो अत्यंत क्षीण करतो. धुम्याचा मूळ नाद याच्या बराच खाली असल्याने कर्ण्यातून ऐकू येतो तो त्याच्या आघाताचा केवळ टणत्कार. उपस्वरांवरून मूळ नाद अनुमानाने 'ऐकण्याची' शक्ती मानवी कानात असते, त्यामुळे ठेका कळतो, पण घुमारा हरवतो. अशा स्थितीत अधिक टणक, चढा आणि जोरकस धुमाच लोकांपर्यंत पोहोचतो. वादकाने त्याप्रमाणे हात बदलला तर त्याला दोष देता येत नाही. तथापि त्याच्या नादाचे काही निर्णय आता यंत्र घेत होते, हे मान्य करावे लागते.

त्यानंतर मिरवणुकांतील प्रचंड ध्वनियंत्रणांनी, ज्यांना बोलीभाषेत सरसकट डीजे म्हटले जाते, दुसरे टोक गाठले. तेथे खर्ज मुबलक असतो. किंबहुना तो छातीत जाणवावा इतका असतो. कमी कंपनसंख्येचा नाद कानाला पुरेसा वाटण्यासाठी अधिक तीव्रता लागते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले होते. या यंत्रणा ती तीव्रता विजेच्या बळावर पुरवतात. अशा खर्जाची सवय झालेल्या कानाला धुम्याचा घुमारा दुबळा वाटला तर आश्चर्य नाही. मात्र या तुलनेत एक भ्रम आहे. यंत्राच्या खर्जात प्रमाण असते, भेद नसतो. 'घे' आणि 'क' यांतील अंतर, थापेचे वजन, कणकेचा ओलावा यांपैकी काहीही त्यात उरत नाही. दोहोंची तुलना मोठेपणाच्या मापाने करणे हीच मूलभूत चूक होय.

याच सुमारास सोयीचा प्रश्न उभा राहतो. ढोलकीप्रमाणे आतून मसाला लावलेली वा वरून कायमचा लेप दिलेली डावी पुडी वापरली तर कणीक मळणे, खरवडणे, पुडी उंदीर-किड्यांपासून जपणे यांतून सुटका होते. नादही बैठकीच्या आरंभापासून अखेरपर्यंत स्थिर राहतो. या सोयीला सरसकट नाकारणे अव्यवहार्य ठरेल. ढोलकीच्या परंपरेने त्याच रचनेतून स्वतःचा समर्थ खर्ज घडवलेला आहे. म्हणून कायमच्या लेपाचा नाद 'वाईट' असे म्हणणे समीक्षेला शोभणारे नाही. प्रश्न वेगळा आहे. कायमच्या लेपाने नादाचा निर्णय वादकाकडून कारागिराकडे आणि कारखान्याकडे सरकतो. मंडप आणि मोकळी वाट, वैशाख आणि आषाढ, एक टाळ आणि शंभर टाळ या सर्वांसाठी एकच खर्ज उरतो. सोय मिळते ती या भेदांच्या मोबदल्यात, हे स्पष्टपणे नोंदवले गेले पाहिजे.

७. परिभाषेची उणीव

हा बदल घडत असताना त्याविषयी मराठीत फारसे लिहिले का गेले नाही, याचे कारण समीक्षेच्या साधनांत आहे. १९०१ मध्ये पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीताचे शिक्षण अभ्यासक्रम, परीक्षा व स्वरलिपी यांच्या आधारे होऊ लागले. पं. भातखंडे यांच्या लिपीनेही मोठे कार्य केले. या लिप्यांनी मात्रा, सम, टाळी, खाली आणि बोल नोंदवले. विद्या त्यामुळे टिकली व पसरली. परंतु बोल ही आघाताची संज्ञा आहे, नादाची नव्हे. चौतालाचा ठेका लिहिता येतो. त्यातील पहिला 'धा' कसा घुमला पाहिजे हे लिहिता येत नाही. ते गुरू बोलून, वाजवून, कधी शिष्याच्या पंजावर हात ठेवून सांगत असे. आळंदीला १९१७ मध्ये स्थापन झालेल्या वारकरी शिक्षण संस्थेसारख्या परंपरेतही खर्जाचे ज्ञान सहवासातूनच पुढे गेले. नानासाहेब पानसे यांच्यासारख्या श्रेष्ठ मृदंगाचार्याच्या घराण्याविषयी लिहिताना ग्रंथकार रचना, परणी आणि शिष्यशाखा यांची नोंद करतात. त्यांच्या धुम्याचा घुमारा कसा होता हे त्या नोंदीतून कळत नाही.

परिभाषा मुळातच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. घुमारा, आस, गुंज, थाप, दाब, भरीव, पोकळ, बसका, उघडा असे शब्द वादकांच्या व श्रोत्यांच्या बोलण्यात आहेत. लोकसंगीताचा स्वतंत्र शास्त्र म्हणून विचार मराठीत मांडणारे अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी अशा अनुभवजन्य संज्ञांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचा मार्ग दाखवला. त्या मार्गाने धुम्याच्या नादाच्या मूल्यमापनासाठी किमान चार निकष सुचवता येतात. पहिला, आरंभ : थाप पडताच नाद उघडतो की टणत्कारामागून येतो. दुसरा, आस : घुमारा किती टिकतो आणि पुढच्या बोलाला वाट देतो की त्यावर चढतो. तिसरा, भेद : खुला आणि बंद आघात ऐकणाऱ्याला वेगळे ओळखू येतात की नाही. चौथा, मेळ : खर्ज उजव्या अंगाच्या षड्जाशी, गायनाशी, जागेशी आणि समूहाशी जुळतो की नाही. यांतील चौथा निकष सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल, कारण पहिल्या तिघांची योग्य पातळी तोच ठरवतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. धुम्याचा नाद हा लाकूड, कातडे आणि ताण यांचा केवळ परिणाम नसून कणकेचे प्रमाण, पंजाची ठेवण, जागा, ऋतू आणि सोबतचा समूह यांच्या संयोगातून तो दर वेळी घडवला जातो. शास्त्रग्रंथांनी लेपाचे द्रव्य सांगितले, प्रयोगशाळेने लेपाचे गणित सांगितले, स्वरलिपीने आघातांचे क्रम जपले. वादकाच्या निर्णयाची नोंद मात्र तिघांपैकी कोणीही केली नाही. ध्वनिवर्धक आणि कायमचे लेप यांमुळे हा निर्णय वादकाकडून दूर जात असताना ती नोंद करणे हे समीक्षेचे तातडीचे कर्तव्य ठरते.

सेनगाव परिसरातील महाविद्यालयांना हे कार्य अल्प खर्चात करता येण्यासारखे आहे. गावोगावच्या भजनी मंडळांतील पखवाजवादकांचे ध्वनिमुद्रण करताना केवळ अभंग व ठेका न नोंदवता कणकेचे अंदाजे वजन, ती लावण्याची रीत, पुडीचा प्रकार, स्थळ, महिना आणि ध्वनिवर्धक होता की नव्हता याची नोंद ठेवावी. ध्वनिमुद्रण शक्यतो कर्ण्यातून न घेता वाद्याजवळून घ्यावे. वादक आपल्या नादाचे वर्णन ज्या शब्दांत करतात ते शब्द जसेच्या तसे उतरवावेत. मराठी, संगीत, भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्र या चारही विभागांना यात काम आहे. अशा नोंदी हाती आल्या, तर एखादे मंडळ नवा पखवाज घेताना वा डाव्या पुडीला कायमचा लेप द्यावा की नाही हे ठरवताना केवळ किंमत आणि सोय यांच्यावर अवलंबून राहणार नाही. आपल्याला कोणता खर्ज हवा, तो कोणत्या जागेसाठी हवा आणि त्यासाठी कशाचा त्याग करावा लागेल, हे त्याला स्वतःच्या शब्दांत मांडता येईल.